अजीर्ण झालेला डबा

"...पण मग कुजत का नाही, अप्पा? नुसता नासायलाय!"

विरेशनं हे इतक्या मोठ्यानं विचारलं, की मठातल्या बेलावरची चिमणी उडाली.

अप्पा बेलाखाली बसून अंबाडीची पानं खुडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाला ओरडायलास? ऐकू येतंय मला."

समोर डबा. रंगाचा मोठा पांढरा डबा, चारी बाजूंनी भोकं पाडलेला. झाकणावर मार्करनं झोकात लिहिलेलं, 'कचरा नव्हे, सोनं'. आणि त्या सोन्याचा वास... काय सांगायचं! स्कूटरवर पायापाशी ठेवून आणताना सिग्नलला शेजारचा रिक्षावाला लाल दिवा असतानाच निघून गेला होता. डब्यातलं पाणी विरेशच्या बुटात उतरलं होतं ते वेगळंच.

आता हा विरेश म्हणजे कोणी साधासुधा पोरगा नाही हां. सोलापुरातल्या निम्म्या सोसायट्या त्याला ओळखतात. घरच्या घरी खत कसं करायचं, हे या पठ्ठ्यानं इतक्या लोकांना शिकवलंय की मित्र त्याला 'खतस्वामी' म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण त्याला ते आवडतं, ही खरी गंमत.

आणि शिकवतो पण एकदम भारी! ओल्या कचऱ्यावर सुक्या पानांचा थर. अधूनमधून हलवायचं, पोटात हवा गेली पाहिजे. सुरुवातीला जरासं आंबट ताक, विरजणासारखं. बस्स. घंटागाडीत टाकायची पिशवी फुलासारखी हलकी होते, त्यातून पाणी गळत नाही, जिन्यात माश्या नाहीत, कुंड्यांना काळीभोर माती मिळते ती वर. तो बोलायला लागला की नाक मुरडणाऱ्या काकूसुद्धा हळूच पुढे सरकतात. "लिंबाची सालं चालतात का रे?"

त्याच्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये कितीतरी घरांत डबे लागलेत. समोरच्या दारातल्या बिराजदार काकूंचं खत तर असं, की मुठीत घेतलं की नांगरलेल्या रानाचा वास यावा. त्यांच्या गॅलरीतला पुदिना कुंडीबाहेर लोंबतोय नुसता.

सगळ्यांचं झालं. शिकवणाऱ्याचंच नासलं!

बरं, नासलं तर नासलं, गुपचूप टाकून दिलं असतं. पण मागच्या मीटिंगमध्ये साहेबांनी छाती ठोकून सांगितलं होतं. विषय होता, गच्चीवर अख्ख्या बिल्डिंगचं एकत्र खत करायचं की नाही. सेक्रेटरी म्हेत्रे काका म्हणाले, वास येणार, उंदीर येणार, भांडणं होणार. त्यावर विरेश उभा राहिला.

"रविवारी सगळ्यांसमोर माझा डबा उघडतो, काका. वास आला तर योजना रद्द. मी परत खताचं नाव काढणार नाही!"

"बघ हां, खतस्वामी. सगळे साक्षीला आहेत."

आज सोमवार. म्हणून तो आजोबांच्या वेळेपासून घराचे गुरू असलेल्या अप्पांकडे आला होता. भगवी लुंगी, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. बोलायचे कमीच. पण मठातली बाग बघून कुणालाही कळावं, की या माणसाच्या हाताखाली माती खूश आहे.

"ताक घातलं, अप्पा. पाला घातला. रोज हलवतो. जे लोकांना सांगतो ते सगळं केलं!"

अप्पांनी पानं बाजूला ठेवली. उठले. झाकण काढलं.

विरेशनं नाक धरलं. अप्पांनी धरलं नाही.

वाकून बघितलं. एक काडी घेतली, आत घातली, हळूच वर काढली.

काडीवर भाकरी होती. भिजलेली, बुरशीची पांढरी टोपी घातलेली. पण अख्खी. गोल.

"हे काय?"

"भाकरी."

"कुणी केली?"

"आईनं."

"कुणासाठी?"

"...माझ्यासाठी."

अप्पांनी काडी परत घातली. या वेळी वांग्याच्या भाजीचा गोळा आला. मग पिठलं. मग अजून एक भाकरी, ही अर्धी.

"जेवत न्हाईस का घरी?"

"तसं नाही हो. रोज कुठल्यातरी सोसायटीत बोलावतात. तिथं वडापाव होतो, भजी होतात, येईपर्यंत पोट फुल. पण अप्पा, वाया नाही गेली हां! एक कण नाही. आधी कचऱ्यात जायची, वाईट वाटायचं. आता थेट डब्यात. डब्याचा हाच तर फायदा, बिनधास्त टाकता येतं!"

"बिनधास्त," अप्पा म्हणाले.

"एकदम!"

"...आई काय म्हणती?"

"ती? ती चेष्टा करते." विरेश हसायला लागला. "परवा विचारत होती, आज डब्याला काय करू, वांगं का पिठलं? म्हणजे बघा!"

अप्पा हसले नाहीत.

"ती जेवती?"

"हो... म्हणजे, जेवत असेल की. हल्ली भूक नाही म्हणते. ऊन किती आहे."

घरात दोघंच, विरेश आणि आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली.

अप्पांनी झाकण लावलं. दोन्ही हातांनी. आजारी माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं.

"याला भूक न्हाई," ते म्हणाले.

"कुणाला?"

"डब्याला. अजीर्ण झालंय त्याला."

"म्हणजे शिजलेलं जास्त झालं, सुकं कमी पडलं, हवा कोंडली. बरोबर?" विरेशचा चेहरा उजळला. "हे मला माहितीये अप्पा! मीच शिकवतो लोकांना. पहिलाच नियम आहे माझा, शिजलेलं अन्न अगदी थोडं."

"मग?"

"...माझ्याकडं जरा जास्त होतं. एवढंच."

अप्पा पुन्हा अंबाडीकडे वळले.

"जेवून जा. सोमवार हाय."

सोमवारी मठात दासोह असतो. येईल त्यानं बसावं, पंगतीत जेवावं, जावं. विरेश बसला आणि बसल्या बसल्या सुरू झाला. डावीकडच्या आजोबांना पाल्याचा थर समजावला, उजवीकडच्या मास्तरांना हवेचं महत्त्व. मास्तर म्हणाले, "आमच्या घरी जागाच नाही." विरेश म्हणाला, "मास्तर, बादलीएवढी जागा नाही? जुन्या पेपरचे गठ्ठे जिथं ठेवता ना, तिथं!" मास्तर हसले. पंगत हसली. एकूण मजा चालली होती.

वाढणाऱ्या बाई आल्या, की हा ताट पुढे करायचा. भात? वाढा. आमटी? ओता. गव्हाची हुग्गी, गूळ घातलेली, वर तुपाची धार... "अजून एक पळी, मावशी!"

तेवढ्यात फोन वाजला. कुठल्यातरी सोसायटीचा. संध्याकाळी याल का?

"येतो की! शंभर टक्के!"

आणि उठला. ताटात निम्मा आमटीभात, जवळजवळ सगळी हुग्गी, एक अख्खी भाकरी.

ताट घेऊन तो मागच्या बाजूला गेला. तिथं अप्पा झाडांना पाणी घालत होते.

"अप्पा, तुमचा खताचा खड्डा कुठाय?"

अप्पांनी बोट दाखवलं.

बेलाच्या मुळाशी एक मडकं होतं. मडकं म्हणजे किती, तर घरात आपण पिण्याचं पाणी ठेवतो ना, तेवढंच. विरेशनं वरचा दगड उचलला. आत दुधीची सालं, अंबाडीचे देठ, बेलाची वाळकी पानं, पूजेची सुकलेली फुलं. खाली काळी, मोकळी, भुसभुशीत माती. एक गांडूळ निवांत पडलेलं. वास... छे, वास नव्हताच. होता तो सुगंध होता.

"एवढंच?" विरेश चक्रावला. "एवढी पंगत उठते दर सोमवारी, आणि एवढंसं मडकं? बाकीचं जातं कुठं?"

"कुठलं बाकीचं?"

"ताटातलं हो! उरलेलं!"

अप्पांनी नळाखाली हात धुतले. विरेशच्या हातातलं ताट घेतलं. ओट्यावर मांडी घालून बसले.

आणि जेवायला लागले.

विरेशला आधी कळलंच नाही काय चाललंय. मग कळलं आणि तो पुढे धावला.

"अप्पा! अहो, काय करताय... माझं उष्टं आहे ते!"

अप्पांनी भाकरी मोडली. आमटीत बुडवली.

आता गुरूच्या ताटातलं शिष्यानं खायचं, प्रसाद म्हणून, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पण हे उलटं? वाढणाऱ्या मावशी पळी घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. मास्तर आले, तेही थांबले. सगळे बघतायत. विरेशचे कान लालबुंद.

"अप्पा, द्या ते. प्लीज. मी टाकतो ना मडक्यात. वाया नाही जाणार..."

"वाया कुठं चाललंय?" अप्पा म्हणाले. "जेवायलोय की."

भात संपला. हुग्गी संपली. अप्पांनी ताटात थोडं पाणी ओतलं. बोटांनी कडेकडेनं फिरवलं, एक शीत चिकटलं होतं ते सोडवलं. मग ताट दोन्ही हातांनी उचललं, ओठाला लावलं, आणि ते पाणी पिऊन टाकलं.

ताट विरेशच्या हातात परत दिलं.

आरशासारखं स्वच्छ होतं.

विरेशनं ते धुवायच्या ताटांत नेऊन ठेवलं.

मग त्यानं डबा उचलला. दाराशी जाऊन वळला.

"अप्पा... रविवारी याल का? तुम्ही असलात तर म्हेत्रे काका जरा कमी ओरडतील."

"जेवायला येतो," अप्पा म्हणाले. "भाषणाला न्हाई."

*

संध्याकाळी विरेश घरीच.

आई दारात आली. "आज नाही जायचं कुठं? फोन आला होता म्हणालास ना?"

"नाही म्हणून कळवलं."

"बरं नाही का?"

"भूक लागली आहे."

आईनं त्याच्याकडे निरखून बघितलं. मग आत गेली. परातीवर पीठ पडल्याचा आवाज आला. मग भाकरी थापल्याचा. थप, थप, थप. हा आवाज या घरात रोज होता. विरेशनं तो कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता, कारण त्या वेळी तो कुठल्यातरी गच्चीवर उभा राहून अन्न वाया घालवू नका असं सांगत असायचा.

जेवला. शेंगाचटणीसकट, तव्यावरच्या गरम भाकरीसकट. मग ताटात पाणी घातलं, बोटं फिरवली आणि पिऊन टाकलं.

"हे कुठून शिकलास?"

"अप्पांकडून."

"तुझे आजोबा प्यायचे असं." आईनं रिकाम्या ताटाकडे बघितलं. "आम्ही लाज वाटते म्हणून सोडलं."

"तू बस ना. मी वाढतो तुला."

"भूक नाही मला."

"थोडी खा."

"खाईन नंतर." ती उठली, भाकरीचा डबा बंद केला. "आणि सगळं आपणच खाल्लं, तर तुझ्या डब्याला काय घालणार रे?"

चेष्टाच होती. रोजच्यासारखी. पण आज विरेशला हसू आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा गच्चीवर. जुनी गोणी अंथरली, सगळं ओतलं. खालच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "अरे काय मेलंय का तिथं?" विरेशनं तोंडाला रुमाल बांधला, हातात काडी घेतली आणि बसला निवडत.

भाकऱ्या वेगळ्या. भाताचे गोळे वेगळे. ज्या भाकऱ्यांचा आकार अजून शाबूत होता, त्या बघताना त्याला नको वाटत होतं. तरी त्यानं एकेक हातात घेतली. चुरली. बारीक केली. सगळ्या एकदम डब्यात कोंबायच्या नाहीत, थोड्या थोड्या घालायच्या, सुक्या पाल्यात घोळवून. हे सगळं त्याला येत होतं हो. येत नव्हतं असं काहीच नव्हतं.

मग बिराजदार काकूंचं दार वाजवलं.

"काकू, मूठभर खत द्या. विरजणाला."

काकू बघतच राहिल्या. "अरे, तूच तर मला ताक घालायला शिकवलंस! आणि मलाच मागायलास?"

"माझं नासलं."

"तुझं?"

"माझं."

काकूंनी हसू दाबलं. दाबता आलं नाही. पण मूठभर मागितलं, तर वाटीभर दिलं, वर पुदिन्याची जुडी.

"आईला दे. चटणी करेल."

पाला भरपूर. हवा भरपूर. डबा निम्माच भरलेला. रोज सकाळी सालं, देठं, चहाची पावडर, बस्स. ताटातलं काही नाही. कारण ताटात काही उरतच नव्हतं. रोज संध्याकाळी विरेश घरी. रोज जेवला. आणि रोज आई म्हणाली, "तू जेव. मला भूक नाही."

बुधवारी वास निम्मा. शुक्रवारी नाक खुपसल्याशिवाय येईना. शनिवारी त्यानं आत हात घातला तर आतून ऊब लागली. जिवंत होतं. काम सुरू झालं होतं. विरेशनं एकट्यानंच गच्चीवर एक उडी मारली. कोणी बघितलं नाही, बरं झालं.

*

रविवारी गच्चीवर ही गर्दी! निम्मे लोक खतासाठी आले होते, निम्मे मजा बघायला. काहींनी आधीच नाकाला ओढणी लावली होती. म्हेत्रे काका पुढे, हात मागे बांधून. अप्पा टाकीच्या सावलीत एका खुर्चीवर. आई जिन्याच्या दारात, पदराला हात पुसत. गॅसवर काहीतरी ठेवून आली असणार.

"चला खतस्वामी," म्हेत्रे काका म्हणाले. "उघडा तुमचं सोनं."

विरेशनं झाकण काढलं.

सगळे मागे सरकले. मग थांबले. मग एकेक जण पुढे.

म्हेत्रे काका वाकले. हुंगलं. परत हुंगलं.

"वास न्हाई," ते म्हणाले. जरा नाराजीनंच.

टाळी वाजणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"पण हे खत पण न्हाई! अर्धंकच्चं हाय की. पानं दिसायलीत. तू तर तयार सोनं दाखवणार होतास. बिराजदार वहिनींचं झालं, खालच्यांचं झालं, आणि शिकवणाऱ्याचंच कच्चं? का रे?"

आता बघा, विरेशकडे उत्तरं काय कमी होती? ऊन जास्त. पाला उशिरा मिळाला. डब्याची भोकं लहान. ओठांवर आली होती.

त्यानं टाकीच्या सावलीकडे बघितलं. अप्पांचे डोळे मिटलेले.

"आईनं केलेलं जेवण टाकत होतो मी यात," तो म्हणाला. "रोज. मी बाहेर खायचो. आणि खत होतंय म्हणून वाईट पण नाही वाटायचं."

कुणी चपलेकडे बघायला लागलं. कुणी टाकीकडे. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी आपल्या नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं आभाळाकडे.

जिन्याच्या दारातला पदर हलायचा थांबला.

"डब्याचा दोष नाही," विरेश म्हणाला. "डबा बरोबर आहे. आत हात घालून बघा, काका. गरम आहे. होतंय ते. होणारच."

म्हेत्रे काकांनी हात घातला. भुवया वर गेल्या.

बिराजदार काकूंनी तेवढ्यात आपल्या खताची मूठ त्यांच्या दुसऱ्या हातावर ठेवली. काळी, मोकळी. "आणि झाल्यावर असं होतं, भावजी. याच पोरानं शिकवलंय."

काकांनी हुंगलं. खिशातून रुमाल काढला, ती मूठ नीट त्यात बांधली, रुमाल खिशात.

"हे काय?"

"गुलाबाला," काका म्हणाले. "आणि बघता काय सगळे? गच्चीचा तो पूर्वेचा कोपरा मोकळा करा की. तिथं ऊन कमी असतंय. डबे तिथं मांडू!"

आता मात्र टाळ्या पडल्या. विरेशला भाषण करायचं होतं, आतून नुसतं उसळत होतं. पण त्यानं जिन्याच्या दाराकडे बघितलं.

आई तिथं नव्हती.

*

खाली स्वयंपाकघरात भाकरीचा आवाज चालू होता. थप, थप, थप.

अप्पा पाटावर बसले. विरेश शेजारी. आईनं दोन ताटं वाढली. अंबाडीची भाजी, भात, आमटी, हुग्गी, आणि काकूंच्या पुदिन्याची चटणी.

"तुम्ही बसा, अप्पा. गरम गरम घ्या."

"तू?"

"मला भूक नाही, अप्पा."

अप्पांनी ताटाला हात लावला नाही. भाकरीतून वाफ निघत होती.

विरेश उठला. तिसरं ताट घेतलं. तव्यावरची भाकरी घ्यायला गेला, तर चटका बसला आणि बोट तोंडात घातलं. आईला हसू आलं. त्यानं भाकरी ताटात ठेवली, भाजी वाढली, चटणी वाढली. जरा जास्तच वाढली, सवयीनं. मग त्यातली निम्मी परत काढली.

ताट तिच्यासमोर ठेवलं आणि तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं.

"रोज मी बसलो की तू उभी असतेस," तो म्हणाला. "बस ना, आई."

आई बसली.

पहिला घास तिनं बराच वेळ हातात धरला. मग खाल्ला.

नुसता जेवणाचा आवाज. चटणी तिखट झाली होती, विरेशच्या डोळ्यांतून पाणी. चटणीचंच होतं असं म्हणू.

"पुदिना चांगला हाय," अप्पा म्हणाले.

"काकूंचा आहे."

"मातीचा हाय."

थोड्या वेळानं आईनं डब्यातून अर्धी भाकरी अजून घेतली. स्वतःहून. विरेशनं बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं.

जेवणं झाली. अप्पांनी ताटात पाणी घातलं, बोटं फिरवली, प्यायले. विरेशनं तसंच. मग आईनं दोघांकडे बघितलं, जराशी लाजली, आणि तिनंही तिचं ताट उचललं.

विरेश सवयीनं उठला. तिन्ही ताटं एकावर एक ठेवली, गॅलरीत गेला, गच्चीवरून खाली आणलेल्या डब्याचं झाकण उघडलं, ताटं वाकडी केली.

थेंबभर पाणी पडलं. बस्स.

तो तसाच उभा राहिला, उघडं झाकण हातात घेऊन. मग वळला.

"अप्पा! आज डब्याला घालायला काहीच नाही हो."

अप्पा पाटावर बसल्या बसल्या पंच्याला हात पुसत होते. त्यांनी आईकडे बघितलं. मग डब्याकडे.

"असू दे," ते म्हणाले. "आता लागंल भूक."